जुन्या वहाणेचें उत्तरायुष्य
(भोर-वेल्ह्याच्या मावळांतील पादत्राणांच्या इतिहासासंबंधीं नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलें असेल. इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, लढाया, तह आणि सनदा हेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें; आणि भोर-वेल्हे म्हटलें म्हणजे तर राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्याशिवाय दुसरें कांहीं सुचूं नये, अशीच त्या भूमीची थोरवी आहे. अशा मुलखाचा इतिहास सांगावयास बसून एखाद्यानें फाटक्या वहाणेची कथा काढावी, हें प्रथमदर्शनीं औचित्याला सोडून वाटेल. परंतु ज्या पायांनीं हे डोंगर पिढ्यान्‌पिढ्या चढले-उतरले गेले, त्या पायांखालीं काय होतें, आणि जें होतें तें झिजून गेल्यावर त्याचें पुढें काय होत असे, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. शिवाय तो केवळ गतकाळाचा प्रश्न नाहीं. आपल्या प्रत्येकाच्या घरांत, दाराआडच्या फळीवर अगर पलंगाखालच्या खोक्यांत, वापरांत नसलेल्या जोड्यांची एक रांग आज धूळ खात पडलेली आहे. तिचें काय करावें हें आपणांस समजत नाहीं. आपल्या पणज्याला हा प्रश्न कधीं पडला नाहीं. तो कां पडला नाहीं, आणि त्या न पडण्याची किंमत कोणी दिली, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'वहाण' हा शब्द संस्कृत 'उपानह्' या शब्दापासून आलेला आहे. 'पायताण' हें 'पादत्राणा'चें घरगुती रूप. 'पायपोस' फारसी वळणाचा. 'जोडा' या शब्दांत तर त्या वस्तूचा स्वभावच सांगितलेला आहे. दोहोंपैकीं एक हरवला कीं उरलेल्याला जोडा म्हणतां येत नाहीं. आणि या सर्वांच्या शेवटीं एक शब्द उभा आहे, 'खेटर'. झिजलेल्या, हलक्या पायताणाला आपली भाषा खेटर म्हणते, आणि तो शब्द उच्चारतांच शिवीच्या वाटेला लागतो. गळ्यांत वहाणांची माळ घालणें ही विटंबनेची परिसीमा समजली जाते. उलट, याच वस्तूचें दुसरें रूप म्हणजे पादुका. भरतानें त्या सिंहासनावर ठेविल्या, आणि वारकरी आजही त्या पालखींत घालून पंढरीस नेतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना वाटेंत नीरेचें स्नान घडतें. आणि ती नीरा उगम पावते ती भोर तालुक्यांतील शिरगांवच्या डोंगरांत. पायाखालच्या वस्तूची परम पूजा आणि परम अवहेलना या दोन्ही गोष्टी एकाच समाजानें केल्या. आपली आजची कथा या दोन टोकांमधून जाणारी आहे.

आतां मुलूख पाहूं. पश्चिमेस सह्याद्रीचा कणा, त्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्या, आणि प्रत्येक नदीच्या कांठचें एकेक मावळ अगर खोरें : हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरें, कानद खोरें, रोहिड खोरें. हा बहुतेक सारा प्रदेश १६९७ मध्यें शंकराजी नारायण सचिव यांच्यापासून सुरू झालेल्या घराण्याच्या अंमलाखालीं होता. तेंच पुढें भोर संस्थान म्हणून ओळखलें गेलें, आणि ८ मार्च १९४८ रोजीं तें विलीन झालें. संस्थानच्या तालुक्यांचीं नांवें किल्ल्यांवरून होतीं. विचित्रगड, प्रचंडगड, राजगड हीं त्यांतलीच. २०२४ मध्यें वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां हा जुना शब्द पुन्हां कारभारांत आला.

या मुलखांत पादत्राण ही बारमहा वापरण्याची वस्तु नव्हतीच. आषाढ-श्रावणांत येथें पाऊस कोसळूं लागला म्हणजे चिखलणी, लावणी, बेणणी हीं सारीं कामें गुडघाभर चिखलांत. भाताच्या खाचरांत वहाणा घालून कोण उतरणार? ओल्या कातड्याला बुरशी चढते, टांके कुजतात, तळ सुटतो. म्हणून मिरगाचा पाऊस लागण्यापूर्वींच वहाणांना करंजीचें तेल पाजून त्या चुलीच्या धुराच्या आसपास, आढ्याला किंवा खुंटीला टांगून ठेवीत. त्या पुन्हां खालीं उतरत त्या भात कापणीला येऊन वाटा वाळल्यावर. पुढें करवंदीच्या जाळ्यांतून लांकूडफाटा आणावयाचा, तापलेल्या कातळावरून गुरें वळावयाचीं, घाट उतरून बाजार करावयाचा. त्या आठ महिन्यांचा सोबती म्हणजे वहाण. घरांतील सर्वांना ती असेच असें नाहीं. कर्त्या पुरुषाच्या पायांत असे; म्हाताऱ्याच्या पायांत असे; बाईच्या आणि मुलाच्या पायांत बहुधा नसे. वस्तु दुर्मिळ म्हणून जपणूक मोठी. देवळांत जावयाचें असो कीं नदी ओलांडावयाची असो, वहाणा काढून हातांत अगर कांखेंत घेणारा माणूस कंजूष नव्हता. त्याला त्या वस्तूची किंमत ठाऊक होती.

ही वस्तु तयार कशी होई? त्या काळच्या गांवगाड्यांत एका जोडीमागें तीन-चार जातींचे हात राबत. गांवांत मेलेलें जनावर ओढून नेण्याचें काम महारांकडे. कातडें कमावण्याचें काम ढोरांकडे. त्यापासून वहाणा, मोटा, आसूड आणि बैलांचा साज तयार करण्याचें काम चांभारांकडे. कमावण्याची कृति वेळखाऊ. कातडें प्रथम चुन्याच्या पाण्यांत भिजवून त्यावरील केस काढावयाचे, मग बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या पाण्यांत तें दिवसेंदिवस मुरवावयाचें. या वनस्पतींतील तुरट द्रव्य कातड्यांत भिनलें म्हणजे तें कुजत नाहीं आणि चिवट होतें. यांतील हिरडा हें तर या डोंगरांचें खास उत्पन्न. हिरडस मावळ, हिरडोशी अशीं नांवें कानांवर आलीं कीं त्या झाडाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत सह्याद्रीचा हिरडा मुंबई बंदरांतून विलायतेच्या चर्मशाळांना जात असे. म्हणजे लंडनमधल्या एखाद्या साहेबाच्या बुटाच्या कातड्यांतही आपल्याकडील रानाचा तुरटपणा मुरलेला असणें अशक्य नव्हतें.

चांभार हा बारा बलुत्यांपैकीं एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथांत या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन आहे. तिचें मर्म असें कीं, प्रत्येक वेळच्या कामाचे पैसे प्रत्येक वेळीं द्यावयाचे नसत. वर्षभर कुणब्याच्या वहाणा, मोट, आसूड दुरुस्त करावयाचे, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर जाऊन आपल्या वांट्याचें धान्य न्यावयाचें. मावळांत तें धान्य म्हणजे भात, नाचणी, वरई. आपल्या विषयाच्या दृष्टीनें या रीतीचा परिणाम फार मोठा होता. दुरुस्तीचे वेगळे पैसे पडत नसल्यामुळें वहाण दुरुस्त करून न घेण्याचें कुणब्याला कारणच उरत नसे. आणि वहाण जितकी टिकाऊ शिवावी तितकी पुढली दुरुस्ती कमी, हें चांभारालाही कळत असे. ज्याच्या हातानें वस्तु घडली त्याच्याच हातीं तिची पुढची सारी देखभाल, अशी ती घडी होती.

म्हणून त्या वहाणेचें आयुष्य टप्प्याटप्प्यानें सरत असे. प्रथम अंगठा तुटे. नवी वादी घालून तो जोडला जाई. मग टांच झिजे. तिच्याखालीं कातड्याचा तुकडा बसे. मग तळच पातळ होई; त्याला खालून दुसरा तळ शिवला जाई. चांभाराजवळ आरी, रापी, मेण लावलेला दोरा आणि कातडें भिजवावयाची कुंडी एवढें साहित्य असलें कीं पुरे. दोन-तीन वेळां असें झाल्यावर मूळच्या वहाणेंतलें काय शिल्लक राहिलें हें तिच्या धन्यालाही सांगतां आलें नसतें. आणि सर्व उपाय हरले कीं ती फेंकून न देतां चांभाराकडेच पडे. तिचा धड राहिलेला भाग दुसऱ्या कोणाच्या टांचेखालीं जाई. पट्ट्याची वादी होई. ती आसुडाच्या टोकाला लागे. एखादा तुकडा दाराच्या बिजागरीच्या जागीं ठोकला जाई, दुसरा लोहाराच्या भात्याला ठिगळ म्हणून लागे. उलट दिशेनेंही हा व्यवहार चाले. पूर्वेकडच्या विहीरबागाईत गांवांत मोट फाटली कीं तिच्या जाड कातड्यांतून वहाणांचे तळ निघत. शेवटीं ज्याचा कांहींच उपयोग उरला नाहीं तें खेटर दृष्ट लागूं नये म्हणून टांगलें जाई. ती समजूत आजच्या मालमोटारींच्या पाठीमागें लोंबणाऱ्या चपलेंत आपणांस अजून दिसते. उरलेला चोथा मातींत जाई, आणि सालीनें कमावलेलें तें कातडें कालांतरानें मातीच होई.

हें सर्व ऐकतांना मन हरखून जातें. किती काटकसर, किती शहाणपण, असें आपण म्हणतों. परंतु श्रोतेहो, इतिहास सांगणारानें येथें थांबूं नये. या शहाणपणाला एक दुसरी बाजू आहे.

ज्या हातांनीं कातडें ओढलें, कमावलें आणि शिवलें, ते हात गांवानें अस्पृश्य ठरविले. वहाण पायांत चालत होती, वहाण शिवणारा दारांत चालत नव्हता. पुष्कळ गांवांत तर वरच्या जातीच्या माणसासमोरून जातांना या लोकांनीं स्वतःच्या पायांतील पायताणें काढून हातांत घ्यावीं असा दंडक होता. जो दुसऱ्यांना पादत्राण देतो, त्यालाच तें घालण्याचा अधिकार नाहीं! आणि जुनी वस्तु देण्यासंबंधीं आपल्या धर्मग्रंथांत काय आढळतें तेंही पाहण्यासारखें आहे. महाभारताच्या अनुशासन पर्वांत जमदग्नि आणि रेणुका यांची एक सुंदर कथा आहे. भर ज्येष्ठाच्या दुपारीं जमदग्नि बाण सोडीत होता आणि रेणुका ते वेंचून आणीत होती. उन्हानें तिचें मस्तक आणि पाय पोळले, तिला उशीर झाला. तेव्हां ऋषि सूर्यावरच रागावला. आणि सूर्यानें ब्राह्मणाच्या रूपानें येऊन त्याला छत्र आणि उपानह दिले. छत्री आणि जोडे दान करण्याची जी रीत आपल्याकडे उत्तरकार्यांत चालत आली आहे, तिचें मूळ या कथेंत सांगतात. पोळलेल्या पायांची कणव हें या दानाचें बीज आहे. परंतु हें दान नव्या जोड्याचें. जुन्या जोड्याची व्यवस्था निराळी होती. गौतमाच्या धर्मसूत्रांत असें सांगितलें आहे कीं, सेवा करणाऱ्या शूद्रानें वरच्या वर्णांचे जीर्ण झालेले जोडे, छत्र्या, वस्त्रें आणि बसावयाच्या चटया वापराव्या. म्हणजे नवें द्यावयाचें तें पूज्याला आणि जुनें टाकावयाचें तें सेवकाला. एका दानानें देणारा नम्र होतो. दुसऱ्यानें घेणाराला त्याची पायरी दाखविली जाते.

या रीतीविरुद्ध आवाज उठला तोही भोरपासून फार दूर नव्हे. भोरहून हिरडोशीवरून पुढें गेलें, वरंधा घाट उतरला, कीं खालीं महाड. १९ आणि २० मार्च १९२७ रोजीं तेथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली, आणि दुसऱ्या दिवशीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें गेलें. तळ्याचा तो प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच परिषदेंत मेलेलीं गुरें ओढण्याचें सोडावें, मृतमांस खाणें सोडावें, शिळेंपाकें मागून आणणें सोडावें, असेंही आपल्या लोकांना आग्रहानें सांगण्यांत आलें. पोट भरण्याचें एक साधन हातचें जात असतां ही गोष्ट सांगणें आणि ती ऐकणें किती कठीण, याची कल्पना करावी. ज्यांनीं ती ऐकली, त्यांनीं गांवगाड्याच्या त्या काटकसरीच्या साखळींतील पहिला दुवाच काढून घेतला, आणि तो काढून घेण्याचा त्यांचा अधिकार होता. फुकट मिळणाऱ्या जुन्या वस्तूपेक्षां अंगावरील स्वच्छ वस्त्र आणि ताठ मान यांची किंमत अधिक आहे, हा त्या दिवसांचा धडा होता. पुढें १९५० च्या संविधानानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्यानें ती पाळणें हा गुन्हा ठरला.

इकडे वस्तूही पालटत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमच्या क्षारांनीं कातडें थोड्या वेळांत कमावण्याची युक्ति पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. तयार बूट बाजारांत आले. मुंबईस गिरणींत अगर गोदींत कामाला गेलेला मुलगा गांवीं परततांना बापासाठीं जोडा आणूं लागला. मोटारींचे रस्ते झाले, आणि मोटारीबरोबर एक अशी वस्तु आली कीं तिनें पादत्राणांच्या पुनरुपयोगाच्या इतिहासांत एक नवें पान उघडलें. ती म्हणजे निकामी टायर. टायरचा तुकडा पायाच्या आकारानें कापावयाचा, त्याच्याच पट्ट्या करून खिळ्यांनीं ठोकावयाच्या, झाली चप्पल. वजनाला जड, दिसावयाला ओबडधोबड, पण कांट्याला दाद न देणारी आणि पाण्यानें न कुजणारी. मावळांतल्या शेतकऱ्याला हवी होती तशीच. हें आपल्याकडेच झालें असें नाहीं. पूर्व आफ्रिकेंतील मसाई गुराखी अशाच चपला वापरतात, आणि व्हिएतनामच्या सैनिकांनीं टायरच्या चपला घालून दीर्घ युद्धें लढलीं. गरजवंताची बुद्धि सर्व देशांत एकाच वाटेनें जाते.

या प्रसंगीं लंडन शहरांतील एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. तेथें नव्या कातड्याचे जोडे शिवणारे आणि जुने जोडे दुरुस्त करणारे हे मध्ययुगापासून दोन वेगळे धंदे होते. पुढें एकोणिसाव्या शतकांत, टाकून दिलेले बूट गोळा करून, त्यांतील धडके भाग निवडून, त्यांतून पुन्हां विकण्याजोगे बूट तयार करणाऱ्या कारागिरांचा एक वर्ग तेथें होता. हेन्री मेह्यू या लेखकानें लंडनच्या गरीब श्रमिकांचें वर्णन लिहितांना त्यांची हकीकत दिली आहे. या कारागिरांना तेथील लोक काय म्हणत असतील? ट्रान्सलेटर, म्हणजे भाषांतरकार! जुन्या मजकुराला नव्या वाचकासाठीं जो नवें रूप देतो तो भाषांतरकार, आणि जुन्या जोड्याला नव्या पायासाठीं जो नवें रूप देतो तोही भाषांतरकारच. आपल्या चांभाराला आपण इतकें सुंदर नांव कधीं दिलें नाहीं, ही खंत करण्यासारखी गोष्ट आहे.

टायरच्या चपलेनंतर रबरी स्लीपर आली, जिला आपण हवाई चप्पल म्हणतों. तिचा पट्टा तुटला तर नवा घालतां येई, आणि तोही हाताशीं नसेल तर खालून एक टांचणी अडकवून माणूस घर गांठी. परंतु त्यानंतर आलेल्या खेळाच्या बुटानें हें सर्व संपविलें. फेंस, जाळीचें कापड, रबर, प्लास्टिक, कृत्रिम कातडें अशा अनेक पदार्थांचे तुकडे डिंकानें एकमेकांस चिकटविलेले असतात. त्यांत आरी रुतते, पण टांका धरत नाहीं. त्याचे भाग सुटे करणें कठीण, वितळविणें कठीण, आणि मातींत त्याची माती होणें तर त्याहून कठीण. जगांत आज दर वर्षीं वीस अब्जांहून अधिक जोड्या तयार होतात, आणि जोडे बनविणाऱ्या देशांत चीनच्या खालोखाल भारताचा क्रम लागतो. या जोड्या आज ना उद्यां कोठें तरी टाकल्या जाणारच. गडांच्या पायथ्याशीं असलेल्या गांवांतून, पुण्या-मुंबईच्या प्रवाशांनीं टाकलेले तळ सुटलेले बूट ओढ्याकांठीं पडलेले मीं पाहिले आहेत. मालक घरीं पोंचला, बूट तेथेंच राहिला.

यावर उपाय म्हणून जुने जोडे गरिबांना वांटण्याची कल्पना सुचते, आणि ती वाईट नाहीं. परंतु ती कशी अमलांत येते हें पाहावें. वेल्ह्याच्या बाजूच्या एका वाडीवरील शाळेंत कांहीं वर्षांपूर्वीं शहरांतून जोड्यांचीं तीन पोतीं आलीं, त्या वेळीं मी तेथें होतों. मुलें आधींच ओळीनें बसविलेलीं होतीं. पोतीं उघडलीं. आंत बायकांचे उंच टांचेचे सँडल होते, लग्नांत वापरलेल्या जरीच्या मोजड्या होत्या, तळ सुटलेले बूट होते, आणि कितीएक नग एकटे होते. डावा आहे तर उजवा नाहीं. शिक्षकांनीं दुपार घालवून जोड्या लावल्या. पस्तीस मुलांपैकीं अकरांच्या पायांत कांहीं ना कांहीं बसलें. एक मुलगी आपल्या पायापेक्षां दोन बोटें मोठा बूट घालून, तो सुटूं नये म्हणून पाय ओढीत चालत घरीं गेली. दाराशीं बसलेले एक वृद्ध गृहस्थ हंसून म्हणाले, "बाबा, कोणाचा पायपोस कोणाच्या पायांत नाहीं म्हणतात, तो हा." म्हण आपण रोज वापरतों, तिचा शब्दशः अर्थ त्या दिवशीं मला प्रथमच दिसला. उरलेलीं दोन पोतीं शाळेच्या मागें बरेच दिवस पडून होतीं. शहरानें आपला कचरा पन्नास मैलांवर नेऊन टाकला, आणि त्याला दान हें नांव दिलें. देणाऱ्यांचा हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं; घेणाराला एकदांही कोणी विचारलें नव्हतें, एवढेंच म्हणतों.

सुदैवानें याहून चांगल्या रीतीनें चाललेलीं कामेंही आपल्याजवळ आहेत. श्रियांस भंडारी आणि रमेश धामी या दोघां धावपटूंनीं मुंबईंत २०१३-१४ च्या सुमारास 'ग्रीनसोल' नांवाचा उद्योग सुरू केला. धावण्याच्या सरावांत बुटांचे वरचे भाग फाटतात, परंतु तळ पुष्कळदां धड राहतात, हें त्यांनीं स्वतःच्या अनुभवानें पाहिलें होतें. तेव्हां टाकलेल्या बुटांचे तळ वेगळे काढून त्यांपासून नव्या चपला तयार करावयाच्या आणि त्या शाळेंतील मुलांना द्यावयाच्या, असा त्यांचा क्रम आहे. यांत मुलाच्या हातीं पडते ती कोणाची उतरलेली वस्तु नव्हे, तर त्याच्या पायाच्या मापाची नवी चप्पल. लंडनच्या त्या भाषांतरकारांचें काम पुन्हां सुरू झालें म्हणावयाचें. पुण्यांत कचरावेंचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महानगरपालिकेबरोबर काम करीत आहे; जुने कपडे, पादत्राणें अशा वस्तु घरोघरून गोळा करण्याच्या मोहिमाही ती घेते. आषाढी वारीच्या दिवसांत वाटेंतील गांवांतून चर्मकार बांधव वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला विनामूल्य शिवून देतात. शेंकडों वर्षें ज्यांचा स्पर्श नाकारला गेला त्या समाजाच्या हातून आज पंढरीच्या वाटेवर ही सेवा घडते. ती घेतांना आपली मान थोडी खालीं गेली पाहिजे.

आणि दुरुस्तीचा धंदा अजून मेलेला नाहीं. राज्य शासनानें १ मे १९७४ रोजीं चर्मोद्योगासाठीं महामंडळ स्थापन केलें, त्याला आज संत रोहिदासांचें नांव आहे. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या कारागिराला सरकारी भाषेंत 'गटई कामगार' म्हणतात, आणि त्याला ऊन-पावसांत बसावें लागूं नये म्हणून पत्र्याची टपरी देण्याची योजना आहे. भोरच्या बाजारपेठेंत, वेल्ह्याच्या रस्त्यावर, पुण्याच्या कोणत्याही चौकांत असा एखादा कारागीर आपणांस भेटेल. परंतु त्याच्या पुढ्यांत येणाऱ्या गिऱ्हाइकांवर त्याचा संसार आहे, आणि तीं गिऱ्हाइकें आपण आहों.

तेव्हां श्रोतेहो, घरांतील त्या धूळ खात पडलेल्या रांगेचें काय करावें? इतिहासानें शिकविलेल्या चार गोष्टी सांगून मी आपली रजा घेतों.

पहिली ही कीं, जोडा घेतांनाच तो दुरुस्त होईल कीं नाहीं हें पाहावें. शिवलेला तळ पुन्हां शिवतां येतो. नुसता चिकटविलेला पुष्कळदां येत नाहीं. दुसरी ही कीं, प्रथम दुरुस्तीचा विचार करावा, आणि कारागिराशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करूं नये. पूर्वीं त्याला खळ्यावर धान्य मिळे. आज त्याला तेवढेच पैसे मिळतात. तिसरी ही कीं, द्यावयाचें तर देण्याजोगें द्यावें. जो जोडा आपण स्वतः घालून चारचौघांत जाऊं शकूं, तोच दुसऱ्यास द्यावा. तो स्वच्छ करावा, दोन दिवस उन्हांत ठेवावा, दोन्ही नग एकत्र बांधावे, वर माप लिहावें. आणि कोणाला, किती, कोणत्या मापाचे हवे आहेत हें आधीं विचारावें. मावळांतील मुलाला जरीची मोजडी नको. चिखलांत टिकेल अशी चप्पल हवी. चवथी ही कीं, जें घालण्याजोगें उरलें नाहीं तें दान म्हणून कोणाच्या दारांत टाकूं नये. तें जेथें सुटें करून पुन्हां उपयोगांत आणलें जातें तेथेंच पोंचवावें.

जुन्या गांवगाड्यानें वस्तूचा मान राखला आणि माणसाचा राखला नाहीं. आपण माणसाचा मान राखावयाचा असें कायद्यानें ठरविलें, आणि वस्तूचा मान मात्र घालविला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधणें कठीण असेल, पण अशक्य नाहीं. पोळलेल्या पायांची जी कणव जमदग्नीच्या कथेंत आहे, तींत उष्ट्या दानाचा लवलेशही नाहीं. पुढच्या वेळीं एखादा जुना जोडा हातीं घेतांना, तो शिवणारा आणि तो घालणारा या दोघांचीही आठवण आपणांस व्हावी, एवढीच माझी प्रार्थना आहे.